पारंपरिक युद्ध इतिहासजमा झालं का? एका जुन्या गोलंदाजाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्याचा भाचा एनडीएची लेखी परीक्षा पास होऊन एसएसबीची, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीची, तयारी करतोय. तिथे तीन मिनिटांच्या लेक्चरेटमध्ये, म्हणजे छोट्या भाषणात, 'पारंपरिक युद्ध कालबाह्य झालं आहे का' हा विषय येऊ शकतो, असं त्याला क्लासमध्ये सांगितलंय. अण्वस्त्रं आली, ड्रोन आले, सायबर आलं. मग तोफा, रणगाडे आणि बारा लाखांचं सैन्य पोसायचं कशाला? आणि पुढचं युद्ध झालंच तर ते किती दिवस चालेल?

'पोसायचं' हा शब्द मला थोडा लागला, पण तो सोडून देतो. मी तोफखान्यात वीस वर्षं काढली. 'गोलंदाज' हा शब्द क्रिकेटवाल्यांनी आमच्याकडून उसना नेला आणि परत केलाच नाही. मी मूळ अर्थाचा गोलंदाज, देवळालीला शिकलेला आणि १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, बोफोर्स तोफांच्या बॅटरीबरोबर (सहा तोफांची तुकडी) द्रासला असलेला. त्यामुळे माझ्या उत्तरात तोफा जरा जास्तच येतील. रणगाडेवाल्याला विचाराल तर तो अहिल्यानगरच्या, म्हणजे रणगाड्यांच्या शाळेच्या, बाजूनं बोलेल, त्याचंही खरंच असेल.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. 'पारंपरिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पैठणी येते, म्हणजे काहीतरी जुनं आणि सणावारी बाहेर काढायचं. लष्करात त्याचा अर्थ फार रुक्ष आहे. अण्वस्त्रं, रासायनिक आणि जैविक अस्त्रं सोडून बाकी सगळ्या हत्यारांनी दोन देशांची सैन्यं एकमेकांशी लढली की ते पारंपरिक युद्ध. या हिशोबानं ब्रह्मोस पारंपरिक, राफेल पारंपरिक आणि लग्नाच्या शूटिंगला वापरतात त्या जातीच्या ड्रोनला बाँब बांधून कुणी तो रणगाड्यावर सोडला तर तोही पारंपरिकच. ड्रोन आले म्हणून पारंपरिक युद्ध संपलं म्हणणं हे शिलाई मशीन आलं म्हणून शिवणकाम संपलं म्हणण्यासारखं आहे. भाच्यानं पहिल्या अर्ध्या मिनिटात एवढं सांगितलं तरी समोरच्याच्या लक्षात येईल की या पोरानं निबंध पाठ केलेला नाही.

अण्वस्त्रांचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. मे १९९८ मध्ये आपण पोखरणला चाचण्या केल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननं चागईला केल्या. त्या वेळी मेसमध्ये आमचे वरिष्ठ म्हणायचे, आता दोन्हीकडे बाँब आहे, म्हणजे मोठी लढाई विसरा, उरलेली नोकरी काश्मीरमध्ये अतिरेक्यांच्या मागे जाईल. बरोबर एका वर्षानं, मे १९९९ मध्ये, कारगिल सुरू झालं. अण्वस्त्रांनी युद्ध बंद केलं नाही, त्यावर छत घातलं. छताखाली किती जागा आहे याचा अंदाज पाकिस्ताननं बांधला आणि तेवढ्या जागेत तो घुसला. आपणही छताला डोकं लागू दिलं नाही. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, सैन्यानं नाही आणि विमानांनीही नाही, हा आदेश शेवटपर्यंत कायम होता.

या एका आदेशाचा जमिनीवर काय अर्थ झाला ते बघा. एरवी डोंगरावर बसलेल्या शत्रूला हलवायचं तर त्याच्या मागे जाऊन रसद तोडायची. इथे मागे जायचीच बंदी. मग उरतो एकच मार्ग, समोरून चढणं. द्रास सुमारे पावणेअकरा हजार फुटांवर आहे, टायगर हिल साडेसोळा हजारांच्या पुढे. मधल्या उतारावर झाड नाही, आडोसा नाही, वर बंकरमध्ये मशीनगन. खाली श्रीनगर-लेह रस्ता, आणि तोलोलिंग शिखरावर बसलेल्या माणसाला त्या रस्त्यावरची गाडी न् गाडी दिसायची. दिसली की तो वायरलेसवरून मागच्या तोफांना सांगायचा.

पहिले दोन-तीन आठवडे वाईट गेले. तोलोलिंगवर चढणाऱ्या पायदळाच्या पाठीशी पुरेसा मारा नव्हता, कारण तेवढ्या तोफाच अजून पोचल्या नव्हत्या. हवाई दल २६ मे ला उतरलं. पुढच्या दोन दिवसांत त्यांची दोन लढाऊ विमानं आणि एक हेलिकॉप्टर गेलं. मग त्यांनी पद्धत बदलली, उंचीवरून मारा सुरू केला आणि मिराज विमानांनी १७ जूनला मुंथो ढालोचा रसदीचा तळ उडवला, २४ जूनला टायगर हिलवर लेझरनं नेम धरलेले बाँब टाकले. काम उत्तम झालं. पण बाँब टाकून विमान परत जातं. शिखर ताब्यात आलं असं म्हणायला तिथे पायावर उभा असलेला माणूस लागतो, आणि तो माणूस वर पोचेपर्यंत बंकरमधल्याचं डोकं खाली दाबून ठेवायला कुणीतरी लागतं. ते काम आमचं होतं.

तोलोलिंग १३ जूनला २ राजपुताना रायफल्सनं घेतलं. आठवड्यानं पॉइंट ५१४० पडलं. कॅप्टन विक्रम बात्रा तिथेच पहिल्यांदा देशाला माहीत झाले. त्या पॉइंट ५१४० चं नाव २०२२ मध्ये 'गन हिल' ठेवलं. शिखराला तोफेचं नाव मिळावं, हे आमच्यासारख्यांना पदकापेक्षा जास्त वाटतं.

बोफोर्सबद्दल लोक दोनच गोष्टी जाणतात, दलाली आणि कारगिल. तोफेपाशी उभं राहिल्यावर काय दिसतं तेवढं सांगतो. १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४३ किलोचा. म्हणजे वाण्याकडच्या पन्नास किलोच्या पोत्याहून थोडा हलका, पण गुळगुळीत आणि बर्फासारखा थंडगार, धरायला कान नाहीत. मैदानात तरणी पोरं तो सहज उचलतात. द्रासला दोन गोळे उचलले की तिसऱ्याला छाती भात्यासारखी वाजायला लागते. तोफेची स्वतःची क्रेन आहे, सुरुवातीचे तीन गोळे पंधरा सेकंदांच्या आत निघून जातात. पण ट्रकमधून उतरवणं, खड्ड्यापर्यंत आणणं, फ्यूज लावणं, चार्जच्या, म्हणजे तोफेच्या दारूच्या, पिशव्या मोजून देणं हे सगळं हातानंच. रात्रभर मारा चालला की सकाळी पोरांना चहाचा मग नीट धरता यायचा नाही, हात थरथरायचे.

आणि हवा. देवळालीला शिकवलं होतं की रेंज टेबल, म्हणजे कुठल्या अंतराला कसा नेम धरायचा त्याचा तक्ता, ही गोलंदाजाची गीता. द्रासला कळलं की आमची गीता सपाटीवर लिहिलेली होती. तीन हजार मीटरवर हवा सपाटीच्या पाऊणपटहूनही विरळ, पाच हजारांवर सपाटीच्या जवळजवळ साठ टक्केच उरते. गोळ्याला अडवायला हवाच कमी, म्हणून तो टेबलात लिहिल्यापेक्षा लांब जातो. लक्ष्य तोफेच्या वर पाच-सहा हजार फूट, म्हणून तो वाटेतच उताराला भेटतो. या दोन चुका एकमेकींना मारतात असं वाटेल, पण तसं सरळ होत नाही. मैदानात गोळा चाळीस मीटर पुढे पडला तर ओपी, म्हणजे पुढे बसून गोळा कुठे पडला ते बघणारा, दुरुस्ती सांगतो, पुढचा गोळा बरोबर जातो. डोंगराच्या धारेवर चाळीस मीटर पुढे गेलेला गोळा पलीकडच्या दरीत पडतो, धूरसुद्धा दिसत नाही. कुठे पडला तेच कळलं नाही तर दुरुस्ती कशाची सांगणार? चाळीस मीटर कमी पडला तर चढणाऱ्या आपल्याच जवानांच्या डोक्याच्या दिशेनं. म्हणून वारा, तापमान, दाब यांचे आकडे आले की कमांड पोस्टमध्ये सगळे गप्प व्हायचे, आणि पहिला गोळा सुटल्यावर वरून आवाज येईपर्यंत कुणी श्वास घेत नसे. काही तोफा तर आम्ही उघड्यावर, शत्रूला दिसतील अशा जागी आणून रायफलसारख्या सरळ नेमानं वापरल्या. शाळेत हे करणाऱ्याला नापास केलं असतं.

टायगर हिल घेतली त्या एका दिवशी सगळ्या तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट धरून सुमारे ९,००० गोळे गेले. एरवी रोज ५,००० च्या आसपास, सुमारे ३०० नळ्यांमधून. पूर्ण युद्धात अडीच लाखांवर.

आमच्या बॅटरीत एक हवालदार होते, सांगली जिल्ह्यातले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही खासगीत. ते दारूगोळ्याच्या पेटीच्या फळीवर खडूनं हिशोब ठेवायचे; पाच रेघा, एक आडवी, जसा गुऱ्हाळावर ढेपांचा ठेवतात. कागदावर हिशोब होताच, पण अण्णांचा भरवसा फळीवर. रात्रीचा मारा थांबला की मी यशाबद्दल काहीतरी बोलायचो आणि ते फळीकडे बघून विचारायचे, "साहेब, पुढची गाडी कधी?"

मला आज विचाराल तर पारंपरिक युद्धाचं सार या प्रश्नात आहे. हिशोब करून बघा. एका तोफेनं दिवसात शंभर गोळे मारले तर नुसते गोळेच ४.३ टन. सहा तोफांची बॅटरी म्हणजे २६ टन, म्हणजे त्या रस्त्यावर पाच-सहा ट्रक, रोज, एका बॅटरीला. अशा तीन बॅटऱ्यांची एक रेजिमेंट. ट्रक यायचा झोजीलावरून, जो हिवाळ्यात बर्फानं बंद असतो आणि उन्हाळ्यात चिखलानं अडतो, किंवा मनालीकडून आणखी लांबच्या वाटेनं. त्याच्या मागे रेल्वे, रेल्वेच्या मागे दारूगोळ्याचे डेपो (आपल्या पुलगावचा त्यातला मोठा) आणि त्यांच्याही मागे कारखाने. नागपूरच्या अंबाझरीत गोळ्याचं कवच घडतं, भंडाऱ्यात तोफेची दारू बनते, चंद्रपूरजवळ भद्रावतीच्या चांदा कारखान्यात गोळा भरला जातो. द्रासला थंडीत कुडकुडत असताना पेटीवर विदर्भातल्या कारखान्याचा शिक्का दिसला की आमच्यातला नागपूरचा एक पोरगा पेटीला हात लावून म्हणायचा, "आमच्याकडे आत्ता पंचेचाळीस असंल."

आता युक्रेन. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन रणगाडे किएव्हच्या उत्तरेला आले आणि मैलोन् मैल लांब रांगेत अडकून बसले. इंधन नाही, टायर फाटलेले, रस्ता एकच, वर युक्रेनी तुकड्यांचे छापे. टीव्हीवर चर्चा रंगली की रणगाड्याचं युग संपलं. मला त्या उपग्रहाच्या फोटोत रणगाडे दिसलेच नाहीत, 'पुढची गाडी कधी' दिसलं. नंतर तोफांचं युद्ध सुरू झालं आणि सगळ्या जगाला दारूगोळा मोजायची वेळ आली. युद्धाआधी अमेरिका महिन्याला १५५ मिलिमीटरचे साधारण १४,००० गोळे बनवत होती. म्हणजे टायगर हिलसारखा दीड दिवस. जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याची महिन्याची कमाई आम्ही द्रासला दीड दिवसात उडवली असती. युरोपीय संघानं मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळे द्यायचं वचन दिलं आणि मुदतीत ते पाळता आलं नाही. पैसे होते. कारखाने नव्हते, कामगार नव्हते, स्फोटकाचा कच्चा माल नव्हता. तीस वर्षं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की असं युद्ध आता होणार नाही.

आपल्याकडे हसायला जागा नाही. चाळीस दिवसांच्या घनघोर लढाईला पुरेल एवढा साठा हवा, हा आपलाच नियम. महालेखापालांच्या २०१५ च्या अहवालानुसार मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांपेक्षाही कमी होता. त्यानंतर परिस्थिती सुधारली, आपत्कालीन खरेदीचे अधिकार मिळाले, खासगी कारखाने आले. तोफांचं म्हणाल तर बोफोर्स १९८६ ची खरेदी, आणि त्यानंतर नवीन मोठी तोफ सैन्यात यायला तीस वर्षं लागली. आधी हलकी एम-७७७, मग के-९ वज्र. पुण्याच्या पाषाणमध्ये डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं बनवलेल्या एटॅग्ज तोफेच्या ३०७ नगांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. दलालीच्या भीतीनं खरेदी न करणं हाही एक निर्णयच असतो. त्याची किंमत मात्र फाइलवर दिसत नाही.

ड्रोनबाबत माझं एक मत साफ चुकलं, ते इथे कबूल करतो. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानच्या ड्रोननी आर्मेनियाचे रणगाडे टिपले, तेव्हा मी मित्रांना ठणकावून सांगितलं होतं की समोर धड हवाई संरक्षण नव्हतं म्हणून ही खेळणी चालली. युक्रेनमध्ये त्याहून लहान, शब्दशः खेळण्यांच्या सुट्या भागांतून जोडलेल्या ड्रोननी रणगाडे, तोफा, एकटा चालणारा शिपाई, सगळ्यांना टिपलं. रेडिओ जाम केला तर मागे काचेच्या तंतूची कित्येक किलोमीटर लांब दोरी सोडत जाणारे ड्रोन काढले, पतंगाच्या मांजासारखे; त्यांच्यावर जामिंगचा परिणामच होत नाही. द्रासला आम्ही एकाच खड्ड्यात तोफ आठवडेच्या आठवडे ठेवली. आज तसं केलं तर दिवस मावळायच्या आत ती तोफ भंगारात जाईल. आता गोळा सोडायचा आणि जागा सोडायची. ट्रक एकत्र चालवायचे नाहीत, लंगरचा, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराचा, धूर दिसू द्यायचा नाही, अधिकाऱ्यांनी नकाशाभोवती घोळका करायचा नाही. लपण्याचा सगळा धडा नव्यानं लिहायला लागतोय. हा बदल लहान नाही, आणि आमच्या पिढीतले जे अजून खांदे उडवतात त्यांना मी सांगतो की आपण चुकलो.

पण ड्रोननं काय केलं नाही तेही बघा. त्यानं खंदक रिकामे केले नाहीत, उलट माणसं जास्त खोल गेली. युद्ध लहान केलं नाही. कमी माणसांत भागेल असंही केलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाला तीन लाख राखीव माणसं बोलवावी लागली, ती ड्रोनच्या जमान्यातच. आणि ड्रोनसुद्धा शेवटी दारूगोळाच आहे. तोही संपतो, त्याचीही फळीवर रेघ मारावी लागते, त्याच्या मोटरी आणि बॅटऱ्या कुठल्या देशातून येतात हा प्रश्न आपल्याला तर फारच जवळचा आहे.

आता 'एवढं सैन्य कशाला'. भाच्याला म्हणावं, सैन्याचं बरंचसं काम न लढता होतं आणि म्हणून ते दिसत नाही. दोन उदाहरणं देतो, एक फसलेलं आणि एक जमलेलं.

फसलेलं आधी. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. सरकारनं सैन्याचा मोठा भाग सीमेवर हलवला. आपल्या हल्ला करणाऱ्या कोअर, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, मथुरा, अंबाला आणि भोपाळला. त्यांना रणगाड्यांसकट सीमेवर पोचायला तीनेक आठवडे लागले. तोवर जगभरातून फोन सुरू झाले, १२ जानेवारीला मुशर्रफ यांचं भाषण झालं आणि वेळ निघून गेली. सैन्य मात्र ऑक्टोबर २००२ पर्यंत सुरुंग पेरलेल्या वाळवंटात बसून राहिलं. ताकद होती, ती वेळेवर पोचली नाही. त्यानंतर लहान, सीमेजवळ ठेवलेल्या आणि झटकन निघणाऱ्या तुकड्यांचा विचार सुरू झाला. सैन्य किती आहे याइतकंच ते कुठे उभं आहे हे महत्त्वाचं, हा धडा आम्ही दहा महिने घरी न जाता शिकलो.

जमलेलं उदाहरण लडाखचं. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. ऑगस्टच्या अखेरीला आपल्या सैन्यानं एका रात्रीत पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला कैलास रांगेतली शिखरं धरली. वर रणगाडे चढवले. तिथून चिनी ठाणी खाली दिसत होती. मोठी लढाई झालीच नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँगच्या दोन्ही काठांवरून दोन्ही सैन्यं मागे घ्यायचं ठरलं, तेव्हा वाटाघाटीच्या टेबलावर आपल्याकडे ठेवायला ती शिखरं होती. ती क्षेपणास्त्रानं धरता आली नसती. तिथे उणे तीसमध्ये पन्नास हजारांच्या आसपास जवानांना पूर्ण हिवाळा ठेवणं, त्यांना तंबू, रॉकेल, बूट, अंडी पोचवणं हे सगळं सैन्याचं कामच आहे, जरी कुणी त्यावर चर्चासत्र भरवत नसलं तरी. नौदलाचंही असंच. कारगिलच्या वेळी त्यांनी अरबी समुद्रात जहाजं हलवली, गोळी झाडली नाही, पण कराचीला १९७१ चा डिसेंबर आठवला. त्याबद्दल नौदलवाल्यांनी लिहावं, मला बोट लागते.

मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरचा दाखला देऊन लोक मला म्हणतात, बघा, एकही सैनिक सीमेपलीकडे गेला नाही, क्षेपणास्त्रं आणि ड्रोननी चार दिवसांत काम झालं. पहलगामच्या २६ बळींनंतर ७ मे ला नऊ ठिकाणी मारा झाला आणि १० मे ला थांबलं, हे खरं. पण त्याच चार दिवसांत पूंछमध्ये घरांवर काय पडलं? तोफगोळे. नागरिक मेले ते जुन्या, कंटाळवाण्या तोफगोळ्यांनी. आणि चार दिवसांत थांबायला दोन्ही बाजू तयार का झाल्या, याचं एक कारण असं की पाचव्या दिवशी काय सुरू होऊ शकतं हे दोघांनाही माहीत होतं. मागे रणगाडे उभे नसते तर पुढच्या क्षेपणास्त्राला कुणी एवढी किंमत दिली नसती. हे माझं मत. हवाई दलातले माझे स्नेही यावर भांडतात.

खर्चाची तक्रार मात्र मला मान्य आहे, वेगळ्या कारणानं. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी रुपये. त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे (त्यात माझाही वाटा आहे, म्हणून मी जपून बोलतो) आणि नवीन हत्यारं, विमानं, जहाजं या भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी. माणसं कमी करून हत्यारं वाढवावीत हा विचार चुकीचा नाही. २०२२ ची अग्निपथ योजना त्याच दिशेची आहे, पण तिच्याबद्दल माझी एक शंका आहे. तोफेच्या लेयरला, म्हणजे नेम धरणाऱ्याला, वर्षभरात शिकवता येतं. डोंगरावर, रात्री, आपलं पायदळ दीडशे मीटरवर असताना ज्याच्या हातावर मी डोळे मिटून भरवसा ठेवीन असा लेयर व्हायला सात-आठ वर्षं लागतात. अण्णांना बारा लागली होती.

शेवटचा प्रश्न, पुढचं युद्ध किती दिवसांचं. १९७१ तेरा दिवसांत संपलं, कारगिल अडीच महिने चाललं, सिंदूर चार दिवस, युक्रेनची वर्षं मोजावी लागतायत. 'लहान आणि तीव्र युद्ध' असं गृहीत धरून साठा ठरवणाऱ्यांना मी नेहमी १९६५ ची गोष्ट सांगतो. संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात युद्धबंदीचा दबाव वाढला, तेव्हा पंतप्रधान शास्त्रींनी लष्करप्रमुखांना विचारलं की आणखी काही दिवस लढलो तर निर्णायक जिंकू का. उत्तर आलं की आघाडीवरचा बहुतेक दारूगोळा संपलाय, रणगाडेही बरेच गेलेत. युद्धबंदी मान्य झाली. नंतर मोजलं तेव्हा आघाडीच्या दारूगोळ्यापैकी जेमतेम चौदा टक्के वापरला गेला होता, अशी त्या युद्धाच्या सरकारी इतिहासात नोंद आहे. पुढे लढून नक्की काय मिळालं असतं हे कुणी सांगू शकत नाही. पण फळीवर रेघा मारणारा माणूस त्या खोलीत नव्हता, एवढं नक्की.

भाच्याला एवढं सगळं तीन मिनिटांत मावणार नाही. त्यानं व्याख्या सांगावी, मग झोजीला आणि भद्रावती या दोन जागा धरून बोलावं, नकाशावर बोट ठेवल्यासारखं. ड्रोनचा विषय समोरचे आपणहून काढतील, तेव्हा माझी चूक त्याच्या नावावर खपवायला हरकत नाही. आणि एसएसबीला जाण्याआधी रोज पाच किलोमीटर पळायला सांगा; तो फोटोत जरा सुटलेला दिसतोय.